हेमंताचे आकाश : नक्षत्रे, चंद्रकला आणि शेतातील पतंग

शरद ऋतू सरत आला, कार्तिकाचे दिवे विझले आणि मार्गशीर्षाची थंडी जाणवू लागली, की महाराष्ट्रातील आकाश वर्षातील सर्वांत स्वच्छ रूप धारण करते. पावसाळ्यात हवेतील धूळ धुऊन गेलेली असते, ढग ओसरलेले असतात आणि सूर्य लवकर मावळत असल्याने रात्र लांबलेली असते. याच काळात तुरीच्या शेंगा भरतात, हरभरा फांद्या धरतो, कपाशीची शेवटची वेचणी डोळ्यांसमोर असते आणि रात्री शेतात घाटे अळी, बोंडअळी व कुरतडणाऱ्या अळीच्या पतंगांचा वावर सुरू असतो. आकाश पाहणे ही हौस आणि कीड पाहणे हे काम, असा भेद आपण सहसा करतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही निरीक्षणांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला आहे. कारण चंद्र कोठे आहे हे ठाऊक नसेल, तर प्रकाश सापळ्यातील आकड्याचा अर्थ लावताना हमखास गफलत होते.

जूनचा मृग डिसेंबरात का दिसतो?

‘मृग निघाला’ असे आपण ७ जूनच्या सुमारास म्हणतो. पण त्या दिवशी आकाशात मृग शोधू गेल्यास तो सापडत नाही. पावसाची नक्षत्रे ही सूर्याची नक्षत्रे होत. सूर्य ज्या नक्षत्राच्या पार्श्वभूमीवर असतो, ते नक्षत्र त्याच्याबरोबरच उगवते आणि त्याच्याबरोबरच मावळते. म्हणून ते दिसत नाही. सहा महिन्यांनी पृथ्वी आपल्या कक्षेच्या दुसऱ्या बाजूस येते आणि तेच नक्षत्र सूर्याच्या समोर येते. परिणामी डिसेंबरात मृग तिन्हीसांजेनंतर पूर्वेला उगवतो आणि रात्रभर दिसत राहतो. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही ज्यांच्या नावाने आपण पेरणीचा हिशेब करतो, ती सारी नक्षत्रे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याचा काळ हाच होय.

महिन्यांची नावेही याच नियमाची साक्ष देतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. त्रिपुरी पौर्णिमेला तो कृत्तिकांच्या आसपास असतो, म्हणून तो महिना कार्तिक. दत्तजयंतीला तो मृगशीर्षाजवळ असतो, म्हणून मार्गशीर्ष. या दोन पौर्णिमांना अंगणात उभे राहून चंद्राजवळचे तारे पाहिले, तर पंचांगाचा हा पाया कोणालाही समजतो.

येथे एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावयास हवी. पृथ्वीच्या अक्षाची दिशा अतिशय मंद गतीने बदलत असल्यामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. ऋतू मात्र सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनाशी बांधलेले आहेत. म्हणून नक्षत्र हे कालगणनेचे उत्तम साधन असले, तरी पाऊस त्याच्या आज्ञेत नाही. पेरणीचा निर्णय जमिनीतील ओल आणि हवामानाचा अंदाज पाहूनच घ्यावा, या शिफारशीमागे हेही एक कारण आहे.

संध्याकाळपासून पहाटेपर्यंत

पुढील वर्णन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यासाठी दिले आहे. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात. त्यामुळे पंधरा दिवस अगोदर पाहणाऱ्याने यात एक तास मिळवावा आणि पंधरा दिवसांनंतर पाहणाऱ्याने एक तास वजा करावा.

संध्याकाळी सातच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसतो. हा महाश्वाचा चौकोन. आपल्या पूर्वा भाद्रपदा आणि उत्तरा भाद्रपदा या नक्षत्रांचे तारे त्यातच आहेत. चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातून देवयानीच्या ताऱ्यांची ओळ निघते. त्या ओळीजवळ, काळोख पुरेसा असल्यास, धुरकट लांबट ठिपका दिसतो. तो देवयानी दीर्घिकेचा प्रकाश असून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे अंतर कापून आपल्यापर्यंत पोहोचतो. नुसत्या डोळ्यांनी सहज पाहता येणारी ही सर्वांत दूरची वस्तू. साधी दुर्बीण असल्यास ती अधिक स्पष्ट दिसते. उत्तरेस इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी शर्मिष्ठा असते.

रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडील आकाश भरून येते. कृत्तिकांचा पुंजका बराच वर आलेला असतो, त्याखाली तांबूस रोहिणी, ईशान्येस पिवळसर ब्रह्महृदय आणि पूर्वेस मृग. मृगाचे चार पाय, मध्ये एका रेषेतील तीन ताऱ्यांचा बाण आणि त्या रेषेत खाली क्षितिजाजवळ नुकताच उगवणारा व्याध, रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा. मृगाच्या चार पायांपैकी तांबूस दिसतो तो काक्षी. तोच आर्द्रा नक्षत्राचा तारा मानला जातो. त्याच्या समोरच्या कोपऱ्यातील निळसर पांढरा तारा म्हणजे राजन्य. बाणाच्या दक्षिणेस पुसट धुक्यासारखा भाग दिसतो. तेथे वायू आणि धूळ यांच्या मेघात नवे तारे जन्मास येत आहेत.

याच वेळी थेट दक्षिणेस, क्षितिजापासून थोड्याच उंचीवर, एक एकाकी तेजस्वी तारा असतो. तो अग्रनद. मध्यरात्रीच्या सुमारास त्याच्या पूर्वेस त्याहून तेजस्वी अगस्त्य चढलेला असतो. अगस्त्याची उंची पाहणाऱ्याच्या अक्षांशावर अवलंबून असते. नागपुरात तो जास्तीत जास्त १६ अंश, पुण्यात १९ अंश आणि चेन्नईत २४ अंशांपर्यंत वर येतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश मोजते. त्यामुळे हा फरक कोणीही स्वतः मोजू शकतो. उलट ध्रुवतारा नागपुरात २१ अंशांवर, तर चेन्नईत अवघ्या १३ अंशांवर असतो. अगस्त्य ऋषी विंध्य ओलांडून दक्षिणेस गेले, ही कथा सांगणाऱ्यांनी दक्षिणेकडे जाताना हा तारा वर चढताना पाहिलाच असला पाहिजे.

पहाटे साडेचारनंतर आग्नेयेकडील क्षितिज मोकळे असल्यास त्रिशंकूचे तारे दिसू लागतात. ग्रहांच्या जागा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या येथे दिलेल्या नाहीत. परंतु नक्षत्रपटात न बसणारा, ठळक आणि फारसा न लुकलुकणारा ठिपका दिसल्यास तो बहुधा ग्रह समजावा.

नभाचा भरवसा नसलेले शहर

सध्या चेन्नईत वास्तव्य असल्याने या ऋतूतील एक विरोधाभास प्रस्तुत लेखकाला दरवर्षी अनुभवावयास मिळतो. महाराष्ट्रात आकाश निरभ्र असते, तेव्हा येथे ईशान्य मोसमी पाऊस चालू असतो. चेन्नईचा निम्म्याहून अधिक वार्षिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. दक्षिणेचे तारे येथे अधिक उंच, पण ते पाहण्यासाठी ढगांच्या फटीची वाट पाहावी लागते. असे असूनही भारतातील आधुनिक खगोलनिरीक्षणाचा पाया याच शहरात घातला गेला.

विल्यम पेट्री या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १७८६ मध्ये येथे खासगी वेधशाळा सुरू केली. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने ती ताब्यात घेऊन १७९२ मध्ये नुंगमबाक्कम येथे स्वतंत्र इमारत बांधली. या मद्रास वेधशाळेत थॉमस ग्लॅनव्हिल टेलर यांनी अकरा हजारांहून अधिक ताऱ्यांची सूची तयार केली; ती १८४४ मध्ये प्रसिद्ध झाली. १८६१ मध्ये नॉर्मन पॉगसन वेधशाळेचे प्रमुख झाले. ताऱ्यांच्या तेजस्वितेची आज जगभर वापरली जाणारी प्रतश्रेणी त्यांचीच. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट फरक, हे प्रमाण त्यांनी १८५६ मध्ये सुचविले होते.

या वेधशाळेच्या इतिहासातील सर्वांत रोमहर्षक प्रसंग याच ऋतूत घडला. बिएला नावाचा धूमकेतू सुमारे साडेसहा वर्षांनी परत येत असे. १८४६ मध्ये त्याचे दोन तुकडे झालेले दिसले, १८५२ मध्ये ते दोन्ही पुन्हा दिसले आणि त्यानंतर धूमकेतू नाहीसाच झाला. २७ नोव्हेंबर १८७२ च्या रात्री युरोपातील लोकांनी देवयानीच्या दिशेने उल्कांचा अक्षरशः वर्षाव पाहिला. ताशी हजारो उल्का मोजल्या गेल्या. पृथ्वी बिएलाच्या मागे राहिलेल्या धुळीतून गेली होती. धूमकेतू पृथ्वीजवळून पुढे गेला असल्यास तो आता दक्षिण आकाशात दिसावा, असा तर्क जर्मनीतील गटिंगेनचे खगोलशास्त्रज्ञ क्लिंकरफ्यूस यांनी केला आणि ३० नोव्हेंबरला पॉगसन यांना तार पाठवून नरतुरंग तारकासमूहातील एका ताऱ्याजवळ शोध घेण्यास सुचविले.

पुढच्या दोन पहाटे मद्रासवर ढग आणि पाऊस. तिसऱ्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास ढगांत थोडी निळी फट पडली आणि पॉगसन यांना सुचविलेल्या दिशेला एक धूमकेतू सापडला. चार मिनिटांत तो शेजारच्या ताऱ्याच्या तुलनेत किंचित सरकला, एवढ्यावरून त्यांनी त्याची खात्री केली. दुसऱ्या पहाटे अधिक चांगले मोजमाप मिळाले. त्या वेळी स्थान ठरविण्यासाठी वापरलेल्या ताऱ्यांपैकी एक टेलर यांच्या मद्रास सूचीतील होता. तिसऱ्या दिवशी ढग परतले आणि धूमकेतू पुन्हा कोणालाही दिसला नाही. पुढे गणिताने असे दाखविले की, तो बिएला असणे शक्य नव्हते. पॉगसन यांना योगायोगाने दुसराच धूमकेतू सापडला होता. तर्क चुकला, पण निरीक्षण खरे ठरले. ते टिकले, कारण वेळ, स्थान, आकार आणि हवामान या साऱ्यांची नोंद त्याच वेळी केलेली होती.

याच वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी हे साहाय्यक होते. अगस्त्य आणि अग्रनद यांच्यामधील प्रदेशात, जालक या लहानशा तारकासमूहात, १८६७ मध्ये त्यांनी एक रूपविकारी तारा शोधला. त्याचे तेज सुमारे २७८ दिवसांच्या चक्रात कमी-अधिक होते. १८७४ च्या शुक्र-अधिक्रमणाविषयी सामान्य लोकांना समजावे, म्हणून त्यांनी अनेक भारतीय भाषांतून पुस्तिका काढल्या. आकाशातील प्रत्यक्ष स्थितीशी जुळणारे पंचांग असावे, असा त्यांचा आग्रह होता व तसे दृग्गणित पंचांग त्यांनी मद्रासमध्ये सुरू केले. त्याच दशकात पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे हेच मत मांडत होते आणि त्यांच्या गणितावर पटवर्धनी पंचांग निघू लागले. मद्रास आणि पुणे येथील या दोघांचे सूत्र एकच होते : कोष्टक आणि आकाश यांत फरक पडला, तर दुरुस्त करावयाचे ते कोष्टक.

कीटकांना तारे दिसतात का?

या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांतील प्रयोगांनी दिले आहे. शेणाचा गोळा करून तो सरळ रेषेत ढकलत नेणारे भुंगेरे आपल्या परिचयाचे आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आफ्रिकेतील अशा भुंगेऱ्यांना जोहान्सबर्गच्या तारांगणात ठेवण्यात आले. छतावर केवळ आकाशगंगेचा पट्टा दाखविला, तरी ते सरळ चालत. डोळ्यांवर पुठ्ठ्याची टोपी बसवून आकाश झाकले, की मात्र त्यांची वाट वाकडीतिकडी होई.

शेतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे संशोधन २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलियातील बोगाँग पतंग उन्हाळ्यापूर्वी हजार किलोमीटरपर्यंत उडत जाऊन डोंगरातील थंड गुहांत विसावतो. चुंबकीय क्षेत्राचा प्रभाव नाहीसा करून त्याला केवळ ताऱ्यांचे आकाश दाखविले असता तो योग्य दिशेने उडू लागला. आकाश अर्धे वळण फिरविल्यावर त्याची दिशा उलटली. तारे अस्ताव्यस्त विखुरल्यावर तो दिशाहीन झाला. हा पतंग ॲग्रोटिस या प्रजातीतील आहे. आपल्याकडे हरभरा, बटाटा व भाजीपाल्याची रोपे रात्री जमिनीलगत कापणारी आणि दिवसा मातीत दडून बसणारी अळी याच प्रजातीची. तिचे पतंगही ताऱ्यांवरून दिशा ठरवितात, असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु रात्रीचे आकाश हे पतंगाच्या जगाचा भाग आहे, हे आता गृहीत धरावयास हवे.

दिव्याभोवती कीटक का घिरट्या घालतात, याचेही नवे स्पष्टीकरण २०२४ मध्ये पुढे आले. उडणारा कीटक आपली पाठ अधिक प्रकाशाकडे ठेवतो. लक्षावधी वर्षे रात्री अधिक उजेड वरच्या बाजूला, म्हणजे आकाशातच होता. त्यामुळे या सवयीने त्याचा तोल राखला जाई. जवळच्या दिव्याने हा हिशेब बिघडतो. कीटक दिव्याकडे पाठ वळवीत राहतो आणि त्याच्याभोवती अडकतो. प्रकाश सापळ्याचे काम याच बिघाडावर चालते.

सापळ्यातील आकडा आणि चंद्र

पौर्णिमेच्या आसपास प्रकाश सापळ्यात पतंग कमी सापडतात, हे जगभर अनेक दशकांपासून नोंदविले गेले आहे. चांदण्यात सापळ्याच्या दिव्याचा प्रभाव पडण्याचे अंतर घटते, हे याचे एक कारण. काही जातींचे पतंग चांदण्यात कमी उडतात, हे दुसरे. पहिल्या कारणामुळे शेतातील पतंगांची संख्या तेवढीच असूनही सापळा रिकामा दिसू शकतो. म्हणून ‘पौर्णिमेला आठ पतंग, आठवड्याने तीस, म्हणजे प्रादुर्भाव चौपट झाला’ हा निष्कर्ष धोक्याचा आहे. तितकाच धोक्याचा निष्कर्ष म्हणजे ‘सापळा रिकामा, म्हणजे शेत निर्धास्त’.

यातील एक बारकावा विस्तार कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावा. आपण मित्रकीटकांचे नुकसान टाळण्यासाठी सापळा बहुधा सूर्यास्तानंतरचे तीन-चार तासच चालवितो. शुद्ध अष्टमीला या वेळी अर्धा चंद्र आकाशात उंच असतो. वद्य अष्टमीला तेवढाच चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. चंद्र दोन्ही दिवशी अर्धाच, पण एका सापळ्यावर चांदणे आणि दुसऱ्यावर काळोख. संकष्टीचा उपवास करणाऱ्या घरांना हे वेगळे सांगावे लागत नाही. त्या दिवशी चंद्रोदयासाठी रात्री साडेआठ-नऊपर्यंत थांबावे लागते आणि तोवर शेतात अंधारच असतो. म्हणून नोंदवहीत केवळ तिथी न लिहिता, सापळा चालू असताना चंद्र आकाशात होता की नव्हता, हे लिहिणे अधिक उपयुक्त ठरते.

अमावस्येच्या आसपास फवारणी करावी, असा सल्ला कपाशी आणि तूर उत्पादकांत प्रचलित आहे. काळोख्या रात्री पतंग अधिक क्रियाशील असतात व अंडी अधिक घालतात, हा त्यामागील विचार असून काही जातींबाबत त्यास आधार देणारी निरीक्षणे आहेत. तथापि अमावस्या ही शेत बारकाईने पाहण्याची आठवण मानावी, फवारणीची आज्ञा मानू नये. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग, हरभऱ्यातील घाटे अळीसाठी सलग दोन-तीन दिवस प्रति सापळा आठ ते दहा पतंग अथवा ओळीच्या एक मीटर लांबीत एक ते दोन अळ्या, या आर्थिक नुकसानीच्या पातळ्या तिथीवर अवलंबून नाहीत. पातळी ओलांडली नसताना केवळ अमावस्या आली म्हणून केलेली फवारणी खर्च वाढविते, मित्रकीटक मारते आणि किडीची प्रतिकारक्षमता वाढण्यास हातभार लावते.

आकाशाची स्वच्छताही नोंदवावी. निरभ्र रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते, तापमान उतरते आणि दव पडते; थंडीत पतंगांचे उड्डाण मंदावते. ढगाळ रात्र तुलनेने उबदार असते. म्हणजेच तारे लखलखीत दिसलेल्या आणि ढगाळ गेलेल्या दोन रात्रींचे आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहता येत नाहीत.

उल्कांच्या रात्री

दरवर्षी १७-१८ नोव्हेंबरच्या सुमारास सिंह राशीतून उल्का येतात. टेम्पल-टटल या धूमकेतूची ही धूळ. एरवी हा वर्षाव साधारण असतो, परंतु सुमारे तेहतीस वर्षांनी, १८३३, १८६६ आणि १९६६ प्रमाणे, तो प्रचंड होऊ शकतो. सामान्य निरीक्षकासाठी १३-१४ डिसेंबरचा मिथुन राशीतील उल्कावर्षाव अधिक भरवशाचा. चंद्र नसलेल्या पूर्ण काळोख्या आकाशात ताशी शंभराहून अधिक उल्का दिसू शकतात. विशेष म्हणजे या उल्कांचा उगम १९८३ मध्ये सापडलेल्या फेथॉन या लघुग्रहाशी जोडला जातो. मिथुन रास रात्री नऊनंतर पुरेशी वर येते; मध्यरात्रीनंतर ती डोक्यावर असते. दुर्बिणीची गरज नाही, पाठीवर पडून आकाशाचा जास्तीत जास्त भाग दृष्टीत ठेवणे पुरेसे. बिएलाच्या देवयानी उल्का आता अगदीच विरळ झाल्या आहेत.

गावपातळीवर करता येण्याजोगे काही

• सापळ्याच्या नोंदवहीत चार रकाने वाढवावेत : तिथी, सापळा चालू असताना चंद्र होता किंवा नव्हता, आकाश निरभ्र की ढगाळ, किमान तापमान.

• तुलना करताना एका अमावस्येचा आठवडा पुढच्या अमावस्येच्या आठवड्याशी ताडावा. पौर्णिमा आणि अमावस्या यांची परस्पर तुलना करू नये.

• प्रकाश सापळ्याच्या आकड्याची कामगंध सापळा आणि प्रत्यक्ष झाडावरील अंडी व अळ्या यांच्याशी पडताळणी केल्याशिवाय फवारणीचा सल्ला देऊ नये.

• गावातील काळोख मोजण्यासाठी चंद्र नसताना कृत्तिकांतील तारे मोजावेत. सहा किंवा अधिक दिसल्यास आकाश चांगले. तीन-चारच दिसल्यास जवळच्या दिव्यांचा परिणाम समजावा. सापळा अशा दिव्यांपासून दूर लावावा.

• रात्री शेतात जाताना पायात बूट आणि हातात काठी असावी. विजेरीला लाल कागद लावल्यास काळोखाला सरावलेली दृष्टी टिकते. चालताना मात्र सापाच्या भीतीने पूर्ण उजेडच वापरावा.

• शाळांसाठी दत्तजयंतीची संध्याकाळ निवडावी. मृगाजवळचा पूर्ण चंद्र दाखवून महिन्यांची नावे, पावसाची नक्षत्रे आणि शेतातील पतंग हे तिन्ही विषय एकाच बैठकीत समजावून सांगता येतात.

या सर्वांसाठी लागणारे साहित्य म्हणजे एक वही, एक पेन्सिल आणि घरातील पंचांग. एका हंगामाची अशी नोंद हाती आली, की पुढील वर्षी पौर्णिमेच्या रात्री सापळा रिकामा दिसला तरी त्याचा अर्थ काय घ्यावयाचा, हे त्या गावातील शेतकरी स्वतःच ठरवू शकेल.